दारच्या सहा गाई

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपंधरवडा लागला. सकाळी गॅलरीतून पाहिलं तर उत्तम भोईरच्या गोठ्यासमोर केळीच्या पानांचा उकिरडा झालेला. आमच्या पाच इमारतींत मिळून चारशे घरं, आणि गांधारीच्या या टोकाला गाई म्हणाल तर उत्तमच्या अकराच. ज्याला गोग्रास द्यायचा तो येतो, कुंपणाखालून पान आत सरकवतो, फोटो काढतो, जातो. अर्धं अन्न कुत्र्यांना, अर्धं चिखलात.

वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला हे बघवत नाही. खाली उतरले.

"उत्तम, वेळ ठरव आणि रांग लाव."

"मॅडम, लोकांचे मेलेले बापजादे हायेत. त्यांना मी रांगेत कसा उभा करू?"

"तू नको करूस. मी करते."

अकरा वाजायच्या आत फळा रंगवून झाला. 'गोग्रास सकाळी ८ ते १०. प्लास्टिक आणू नये. उरलेले अन्न बादलीत टाकावे.' फळ्याचा फोटो पाचही सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला. घास द्यायचा तो दारच्या सहा गाईंना. मागच्या पाच नदीच्या अंगाला बांधलेल्या असतात, तिथे घोटाभर चिखल, तिकडे कुणी फिरकत नाही. बादलीतलं उरलेलं संध्याकाळी दारच्या सहांच्याच खाण्यात कालवायचं. अन्न वाया जाता कामा नये. हे काम राघोकडे दिलं. राघो इथे दूध काढतो. उत्तमच्या वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे सव्वीस वर्षं. तो ऐकत होता आणि कान खाजवत होता. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

जाता जाता दारच्या सहांतल्या चांदीला दोन पोळ्या आणि गुळाचा खडा दिला. फेब्रुवारीत हे गेले तेव्हापासून रोज देते. दोघांचं पीठ मळायची हाताची सवय अजून गेलेली नाही, एवढंच त्याचं कारण.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज चौऱ्याहत्तर पानं आली. भात, तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, पोळ्या. रांग सरळ होती, कुणी आवाज चढवला नाही. कलकत्त्याहून बदलून आलेले एक गृहस्थ म्हणाले, बँकेतसुद्धा इतकी शिस्त नसते. बरं वाटलं.

दुपारी दोन ते चार मी गोठ्यात असते. देखरेखीसाठी. जुन्या सिमेंटच्या गव्हाणीवर पोतं टाकून बसते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या नाण्यांएवढ्या चकत्या गाईंच्या पाठीवर पडतात आणि गाई हलल्या की त्या सरकतात. मागून नदी येते. म्हणजे पाणी नाही, नदीचा वास. आणि अकरा तोंडांचं रवंथ. एक गोळा वर येतो, गळ्यावरून उंदीर पळाल्यासारखा दिसतो, मग चावणं. मी मोजलंय, एका गोळ्याला पन्नास ते साठ वेळा. दूर कुठेतरी कुणी ओल्या वाळूतून चालत जातंय आणि पोचतच नाही, असा तो आवाज. मोजता मोजता पस्तीसच्या पुढचं मला आठवत नाही. काल पाहिलं तर हे शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. 'चार अक्षरी, दुधाशी संबंधित,' म्हणाले. डोळे उघडले तेव्हा मोगरी गाय माझ्या पदराचं टोक चाटत होती.

डुलकी नव्हती. फार तर पाच मिनिटं.

राघो म्हणाला, "बाई, दारच्या गाया पोटभर खात्यात, पन तोंड हालवीत नायत."

मी म्हटलं, "पोटभर मिळालं की माणूससुद्धा गप्प बसतो."

तो हसला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

कटकट सुरू झाली. खडकपाड्याच्या मिठाईवाल्याने दूध परत पाठवलं. चक्का उतरत नाही म्हणे. आमच्या इमारतीतली ऋतिका लिफ्टमध्ये म्हणाली, "काकू, तुमच्या गोठ्याच्या दुधावर साय धरतच नाहीये हां. आधी सुरीने कापावी लागायची. आता फुंकर मारली की गायब."

तुमच्या गोठ्याच्या म्हणे. माझा कधीपासून झाला?

संध्याकाळी उत्तमकडे गेले. त्याची बायको मंजुळा भाकऱ्या थापत होती. उत्तम डोकं धरून बसलेला. "गावात काय बोलतात ठाऊक हाय? राघो पानी घालतो. सव्वीस वर्सं जो मानूस आपल्या ताटात जेवला, त्याच्यावरचा इस्वास मी कसा सोडू? आनि खरा निघाला तर त्याला ठेवू कसा?"

"ठेवायचा नाही," मी म्हटलं. "पण आधी तपासायचं. कुजबुजीवर माणूस काढत नाहीत."

"तुमी तपासा मॅडम. तुमी सांगाल ते."

मंजुळा तव्याकडे बघतच म्हणाली, "ताई, तपासा. पन मानूस जाईल हां, त्याचा इचार करून तपासा."

विचार करून तपासायचं म्हणजे काय? तपासणी ही तपासणी असते.

१५ सप्टेंबर, सोमवार

उत्तमच्या वडिलांच्या काळी इथे दूध सोसायटी होती. तिचं फॅट तपासायचं हाताने फिरवायचं यंत्र माळ्यावर निघालं. नळ्या सोड्याने धुतल्या. आम्ल आणि अल्कोहोल वागळे इस्टेटमधल्या जुन्या सहकाऱ्याकडून आणवलं.

किती वर्षांनी हातात नळी धरली. आम्लावर दूध सोडलं की मध्ये एक क्षण पांढरं आणि बिनरंगी वेगळं राहतं. मग सगळं तांबूस, मग काळपट होतं आणि नळी हाताला चटका देते. फिरवून, गरम पाण्यात धरून वर उचलली की त्या काळोखावर फॅटचा थर उभा. सोनेरी, पारदर्शक, पहाटेच्या खिडकीसारखा. मी तो उजेडाकडे धरून जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

अकरा गाईंचं एकत्र दूध: फॅट ३.२. नेहमी ४.१ असायचं.

लॅक्टोमीटर मात्र बरोबर, तीस. म्हणजे पाणी नाही. पाणी घातलं असतं तर तो खाली गेला असता. पाणी नाही आणि फॅट नाही, याचा एकच अर्थ मला दिसतो. कुणीतरी वरची साय काढून घेतंय.

१७ सप्टेंबर, बुधवार

दिवेलागणीला गॅलरीत उभी होते. राघो गोठ्याच्या मागच्या दाराने बाहेर आला. हातात बादली, वर फडकं. इकडेतिकडे बघितलं आणि नदीकडे उतरला. दहा मिनिटांनी परत आला तेव्हा बादली रिकामी, हलत होती.

नदीकाठी कोण उभं असतं त्याचं दूध घ्यायला, ते दिसलं नाही. झाडी आहे.

मला आनंद झाला नाही, हे इथे नोंदवते. पण कोडं सुटल्याचं समाधान झालं, हेही नोंदवते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

द्वादशी. ह्यांची तिथी.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. ह्यांचाही नव्हता. तरी पहाटे उठून तांदूळ भाजले, खीर केली, वडे केले, गवारीची भाजी केली. केदारचा बंगळुरूहून फोन आला, "आई, एकटी एवढं कशाला करतेस?" मी म्हटलं, गॅस माझा, कढई माझी.

पान घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्याच फळ्याखाली, एकविसावी. चांदीपुढे धरलं तर तिने तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. सात महिने माझ्या हातून खाणारी गाय. मागून कुणीतरी म्हणालं, "काहीतरी इच्छा राहिली असेल हो." त्या बाईकडे मी असं बघितलं की ती रांग सोडून गेली.

राघोने पान माझ्या हातातून घेतलं. "ठेवा बाई. तिला भूक लागली का मी देतो."

दुपारी गोठ्यात गेले नाही.

संध्याकाळी उत्तमच्या ओट्यावर राघोला बोलावलं. सरळ विचारलं, "काल बादलीत काय होतं?"

त्याने डोक्याच्या रुमालाची गाठ चाचपली.

"परवा? तेरवा? रोज नेतोस ना?"

"नेतो."

"कोणासाठी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात चोराची भीती नव्हती. आपण दुसऱ्याच्या आजारी मुलाकडे बघतो तसं बघितलं. मला राग आला.

उत्तम कळवळून म्हणाला, "राघोदादा, बोल रे. एकदा बोल, मी मॅडमचं पन ऐकनार नाय."

"काय बोलू? बादली नेली, खरं हाय."

मग उत्तमने डोळे पुसत सांगितलं की उद्यापासून गाईच्या कासेला हात लावायचा नाही. राघोने डोक्याचा रुमाल सोडून झटकला, पुन्हा बांधला आणि गोठ्यात जाऊन प्रत्येक गाईच्या पाठीवरून हात फिरवून निघाला. आधी दारच्या सहा, मग चिखलात उतरून मागच्या पाच. कळव्याला त्याची बायको कलावती मुलीकडे असते, तिथे गेला.

मंजुळाने मला चहा विचारला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तम स्वतः दूध काढतो. उरलेल्या अन्नाची बादली मी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी दारच्या सहांना कालवली, मी उभी राहून.

सायचोर गेला. आता दोन दिवसांत आकडा वर यायला हवा.

२० सप्टेंबर, शनिवार

आकडा २.८.

तीनदा नळी लावली. तीनदा २.८. माझ्या समोर काढलेलं, माझ्या समोर ओतलेलं दूध. कोणी साय काढली? मी?

दुपारी गव्हाणीवर बसले. झोप येईना. पंधरवड्यात इतकं काम केलंय, डोळे जड झालेत, पत्र्यातलं ऊनही तेच, आणि झोप येईना. काहीतरी नव्हतं. घरात फ्रिज बंद पडला की आधी आपल्याला कळत नाही काय झालं, फक्त वाटतं खोली मोठी झाली, तसं. मी डोळे मिटून त्या नसलेल्या गोष्टीची वाट बघत बसले. ओल्या वाळूतून चालणारा तो माणूस थांबला होता.

डोळे उघडले. दारच्या सहा उभ्या, माना खाली, तोंडं बंद. मोगरीचं शेण पातळ. आणि मागून, चिखलाच्या पलीकडून, पाच तोंडांचं चावणं बारीक ऐकू येत होतं. मोजलं. पंचावन्न. सत्तावन्न. पंचावन्न.

चप्पल चिखलात रुतून बसली, तशीच अनवाणी गेले. मागच्या पाच पेंढा आणि गवत खाऊन बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, जबडे चाललेले.

संध्याकाळी प्रत्येक गाईचं दूध वेगळं तपासलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अकरा नमुने एकात ओतून निष्कर्ष काढणाऱ्या शिकाऊ मुलीला मी प्रयोगशाळेतून बाहेर काढलं असतं. मागच्या पाच: ४.०, ४.२, ४.१, ३.९, ४.१. दारच्या सहा: कुणीही दोनच्या वर नाही. चांदी १.४.

काढणारा हात एकच. साय काढायची तर त्याने अकरांची काढली असती.

रसायन अवघड नाही. गवत, पेंढा पोटात आंबतो, त्यातून व्हिनेगरसारखं आम्ल होतं, आणि त्यातूनच कासेत लोणी तयार होतं. पण गाईने चावत राहायला हवं. चावलं की लाळ, लाळेत सोडा, सोड्याने पोटाचा आंबटपणा ताब्यात राहतो. भात, खीर, पोळ्या, गूळ चावावे लागत नाहीत. लाळ नाही. पोट आंबट होतं, आणि मग दूध येतं पण लोणी येत नाही. त्यात मी रांग लावली, फळा लावला, रोजची सत्तर पानं सहाच गाईंच्या पोटात शिस्तीने घातली. पूर्वी चिखल आणि कुत्री त्यांना वाचवत होती.

राघो म्हणाला होता, तोंड हालवीत नायत.

मग बादलीत काय होतं? हे मला आत्ता लिहिताना कळतंय, आणि लिहायला हात धजत नाही. पानांवरचं उरलेलं अन्न. गाईंना न घालता तो ते रोज नदीत टाकत होता.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. दोनशे तरी माणसं. मी फाटकात उभी राहिले आणि म्हटलं, आज पान आत जाणार नाही.

जो गोंधळ झाला तो लिहीत नाही. एकाने माझ्या नास्तिकपणाबद्दल व्याख्यान दिलं. ऋतिका म्हणाली, "काकू, पण बोर्ड तर तुम्हीच लावलेला ना? व्हॉट्सॲपवर पिन पण केलेला."

"मीच लावला. माझी चूक झाली. गाई आजारी पडल्यात."

माझी चूक झाली, हे मी चारचौघांत याआधी कधी म्हटलं होतं, आठवत नाही. जीभ झडली नाही, आकाश पडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही काय करायचं? वर्षातून एकदा तर देतो."

मंजुळा पुढे आली. तिने पेंढ्याची एक जुडी सोडून त्यांच्या हातात मूठभर दिली. "बाबा, ह्यो द्या. गाय आपली हाय, तिचा घास तिच्या दातांचा नको का?"

मग सगळे मूठमूठ पेंढा देत गेले. पानं कावळ्यांना, गच्चीवर. दुपारी साडेबाराला मी फळा उतरवला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चांदीने थोडा पेंढा खाल्ला. आकडा तिथेच. वर यायला पंधरा दिवस तरी लागतील.

मंजुळाला म्हटलं, "साडेतीनच्या वर गेला की राघोला आणायला जाईन. हातात पुरावा असलेला बरा."

ती शेण काढत होती. पाटी खाली ठेवली. "ताई, त्याला काढाया तुमाला तीन दिवस पुरले. आनाया पंधरा लागतात?"

२४ सप्टेंबर, बुधवार

कळव्याला गेले.

खाडीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर मुलीचं घर. राघो खिडकीशी खाली बसून लसूण सोलत होता. गाईंशिवाय तो फार लहान दिसत होता. कलावतीने पाट सरकवला, पाणी दिलं आणि उभीच राहिली, हात कमरेवर. ती मला पहिल्यांदाच बघत होती आणि तिला मी पुरेशी कळले होते.

वाटेत वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "राघो, साय कुणी काढली नव्हती. ती झालीच नव्हती. माझ्यामुळे."

"ठावं हाय बाई."

"मग बोलला का नाहीस? उत्तम विनवत होता तुला."

तो लसूण सोलत राहिला. कलावती कडाडली, "सांग ना आता! घरात सतरांदा सांगितलंस. अवो बाई, लोकांच्या आईबापाचा घास ह्यो रोज मासळीला घालत व्हता. दारात सांगायचं कुनाला? कुनाची आय व्हती, कुनाचा लेक व्हता त्यात. आनि त्या दिशी तुमचंच पान व्हतं."

खिडकीबाहेर खाडीवर ऊन पसरलं होतं, भरतीचं पाणी हलतंय की नाही कळू नये असं. मी त्या पाण्याकडे बघत बसले. दूरवर एक होडी होती आणि ती जागची हलत नव्हती. ह्यांना पाण्यात टाकलं, असं एक वाक्य मनात आलं आणि ते फार वाईटही वाटलं नाही. ह्यांना पोहायला आवडायचं.

"चालेल," मी म्हटलं. "तू बरोबर केलंस. माझंही पाण्यात गेलं ते बरंच झालं."

"तुमचं नाय टाकलं," राघो म्हणाला.

"चांदीला दिलंस?"

"तिचं पोट बिघडलेलं. कशी देनार?" त्याने लसणाची सालं मुठीत गोळा केली, कलावतीकडे चोरून बघितलं. "तुमी पहाटेपासून चुलीपाशी असाल, ते वासावरनं कळत व्हतं. टाकवंना. मागच्या गायांपाशी बसून मी खाल्लं. सगळं. पान पुसून."

कलावतीलाही हे माहीत नव्हतं. तिने कमरेवरचे हात काढले.

मला काहीतरी म्हणायचं होतं. विचारलं ते एवढंच, "वडे कसे झाले होते?"

"वडं चांगलं व्हतं. खिरीत वेलची लई."

"हे मला बत्तीस वर्षं ऐकावं लागलंय," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं. सात महिन्यांत आलं नव्हतं, ते कळव्याच्या त्या खोलीत, लसणाच्या वासात, अनोळखी बाईच्या पदराला डोळे पुसण्याइतकं आलं. कलावतीने पदर ओढून घेतला नाही.

नंतर तिने मला जेवायला बसवलं. राघो शेजारी बसला.

उद्या पहाटे पाचला तो गोठ्यात असेल. मीही उतरेन. मागच्या पाचांपर्यंत जायला विटांची वाट करायची आहे. ती कशी टाकायची हे मी ठरवलेलं नाही. राघोला विचारेन.